एका सेकंदाचा घोटाळा

डभोईच्या स्टेशनात घड्याळ बारा वाजल्याचे दाखवते, तेव्हा तेथील सूर्य अद्याप माथ्यावर आलेला नसतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची. डभोई त्याच्या पश्चिमेस सुमारे ९ अंशांवर. म्हणून तेथील मध्यान्ह सरासरीने ३६ मिनिटे उशिरा होते. त्याने कोणाचे काही अडत नाही, कारण सर्वांनी एकच घड्याळ मानले आहे. (१८६२ साली मियागामहून डभोईस येणारी गायकवाडांची गाडी तर बैल ओढत, तिला सेकंदाची काय मातब्बरी!) परंतु २०१२ साली अवघ्या एका सेकंदाने अनेक संगणक हतबल केले.

पृथ्वीची गती आणवीय घड्याळाइतकी नियमित नाही. दोहोंचा मेळ राहावा म्हणून १९७२पासून अधूनमधून एक सेकंद वाढवीत आले. तसा सेकंद १ जुलै २०१२ रोजी, आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास, वाढवला गेला.

लिनक्स या प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, एक घड्याळ वेळ सांगते, तर दुसरी यंत्रणा गजर सांभाळते. घड्याळ एक सेकंद मागे सरकले. गजराला मात्र कोणी कळवले नाही. त्याचा हिशेब सेकंदभर पुढेच राहिला. मग 'पाव सेकंदाने उठव' असे सांगून निजलेल्या कार्यक्रमास तो तत्क्षणी उठवी. वेळ झालेली नाही असे पाहून तो पुन्हा निजे आणि पुन्हा तत्क्षणी उठे. या उठाबशांत संगणकाची सारी शक्ती खर्ची पडली. रेडिट हे संकेतस्थळ बंद पडले. क्वांटास विमानकंपनीच्या प्रवासी-नोंदणीत व्यत्यय आला.

गंमत अशी की, ही वर्दी पूर्वी दिली जात असे. परंतु ती देताना गाभ्याचे दोन भाग एकमेकांची वाट पाहत अडकून पडण्याचा धोका होता, म्हणून २००७ साली ती काढून टाकली गेली. एका दुरुस्तीच्या पोटी दुसरा दोष जन्मला, आणि तो पाच वर्षे दडून राहिला.

तात्पुरता उपाय हास्यास्पद वाटावा इतका सोपा होता: संगणकाला आहे तीच वेळ पुन्हा लावून द्यावयाची. हाताने वेळ लावली की गजराला वर्दी पोचत असे. कायमची दुरुस्ती जॉन स्टल्ट्झ यांनी केली. वर्दी त्याच क्षणी न देता कुलपे सुटल्यावर द्यावयाची, आणि तोवर गजराने प्रत्येक खेपेस घड्याळाशी आपला हिशेब स्वतःच ताडून पाहावयाचा, अशी ती योजना.

२०२२ साली वजने व मापे यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने, पृथ्वी आणि घड्याळ यांच्यातील अनुमत अंतर २०३५पर्यंत वाढवण्याचा ठराव केला आहे.