दोन आण्यांची बँक

बँकिंगवर लिहायचं म्हटलं की माणसं रिझर्व्ह बँकेपासून सुरुवात करतात. मी पिग्मीवाल्यापासून करणार आहे. माझं हे वेड घरच्यांना चांगलं ठाऊक आहे. परगावी गेलो की मंडळी देवळाकडे वळतात आणि मी पेठेत शिरून खांद्याला बॅग लावून दुकानोदुकानी फिरणारा माणूस हुडकत बसतो.

तरी रीत म्हणून इतिहास उरकून घेऊ. १९५१-५२च्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्याच्या कर्जात व्यापारी बँकांचा वाटा शेकडा एकसुद्धा भरला नव्हता. सहकारी संस्थांचा तीनच्या आसपास होता आणि राज्य सावकाराचं होतं. १९ जुलै १९६९ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. धनंजयराव गाडगीळांच्या अभ्यासगटाने जिल्हावार नियोजनाचा आग्रह धरला, त्यातून अग्रणी बँक योजना आली. १९७५मध्ये ग्रामीण बँका आल्या. १९७७ पासून नियम असा, की बँक असलेल्या गावात एक शाखा काढायची तर बँक नसलेल्या चार गावांत आधी काढा. हा नियम १९९०मध्ये सुटला, तोवर १९६९मधल्या सव्वाआठ हजार शाखांच्या साठ हजारांच्या घरात झाल्या होत्या. २०१४ला जनधन आलं. जागतिक बँकेच्या पाहणीनुसार २०११मध्ये खातं असलेले प्रौढ शंभरात ३५ होते, २०२१मध्ये ७८. झाला इतिहास.

आता खरी गोष्ट. १९२५ साली उडुपीत उपेंद्र अनंत पै, वामन कुडवा आणि डॉ. टी. एम. ए. पै यांनी आठ हजार रुपये भांडवलावर एक बँक काढली. पुढे ती सिंडिकेट बँक म्हणून नावारूपाला आली. हातमागाचा धंदा बसला होता, विणकरांना हात द्यावा हा हेतू. तीनच वर्षांनी, १९२८मध्ये त्यांनी पिग्मी ठेव सुरू केली. बँकेचा माणूस रोज दारात येणार आणि दोन आणे घेऊन जाणार. दोन आणे! रुपया जमायला आठ दिवस. आजच्या एखाद्या शाखाधिकाऱ्यापुढे ही योजना ठेवून बघा. वसुलीचा खर्च काढून तो तुम्हाला दारापर्यंत सोडायला येईल.

खर्च होताच, पण मिळकतही होती, आणि ती नुसती ठेवींची नव्हती. रोज दारात जाणाऱ्याला कुणाचा गल्ला भरतोय, कुणाचं दुकान दुपारीच बंद होतंय, कुणाच्या घरी आजारपण आहे, हे न विचारता कळतं. कर्ज कुणाला द्यावं याची इतकी चोख माहिती कुठल्या अर्जात मिळणार?

इथे जरा आडवाट. दक्षिण कन्नडच्या त्या किनारपट्टीने देशाला बँका दिल्या तरी किती! कॅनरा आणि कॉर्पोरेशन १९०६च्या, कर्नाटक बँक १९२४ची, विजया १९३१ची. उडुपीत कॉर्पोरेशन बँकेचं संग्रहालय आहे, तिथे मी रेंगाळलो आणि बरोबरच्यांचं जेवण चुकवलं. सिंडिकेट बँक २०२०मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली. नाव गेलं, पिग्मी मात्र आपल्याकडच्या नागरी बँका आणि पतसंस्थांनी कधीच उचलली होती. कऱ्हाडपासून निपाणीपर्यंत कुठल्याही टपरीवर विचारा, 'पिग्मी' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

सांगलीच्या गणपती पेठेत अशाच एका पिग्मीवाल्याच्या मागे मी संध्याकाळभर हिंडलो. किराणावाला पन्नास, पानवाला शंभर, चप्पल शिवणारा वीस. प्रत्येकाची वेळ त्याच्या डोक्यात पक्की. पानवाल्याकडे रात्री आठनंतरच जायचं, भाजीवालीकडे बाजार उठायच्या आत. नोट बॅगेत, मशीनवर चार बटणं, फुर्रकन पावती. एकाने मान हलवून "आज नाही" म्हटलं, हा काही न बोलता पुढे सरकला. "उद्या डबल देतो तो," मला म्हणाला. शेकड्यामागे मिळणाऱ्या दोन-तीन रुपयांवर त्याचं घर चालतं. अशी माणसं कायद्याने कामगार ठरतात की नाहीत, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ठरतात, असा निकाल २००१मध्ये लागला. पण नोकरीत कायम करून घ्या, असं काही न्यायालयाने म्हटलं नाही.

पिग्मीवर व्याज जेमतेम, सहा महिन्यांच्या आत मोडली तर बहुतेक ठिकाणी उलट कापून घेतात. तरी लोक भरतात. मला विचाराल तर बँक किती जणांपर्यंत पोचली हे मोजताना आपण नको तो आकडा मोजतो. त्याच २०२१च्या पाहणीत आपल्याकडच्या खातेदारांपैकी ३५ टक्के लोकांनी वर्षभरात खात्याला हात लावलेला नव्हता. शाखा सकाळी दहाला उघडते. भाजीवालीच्या हातात पैसा संध्याकाळी येतो आणि रात्रीपर्यंत त्याला पाय फुटतात. तिला खात्यापेक्षा साडेसहाला दारात येणारा माणूस हवा असतो.

यूपीआयने या गणितात मजेदार गोंधळ घातला आहे. गल्ल्यातली रोकड आटली, पैसे थेट खात्यात पडतात. मग पिग्मी कशाला? मी पानवाल्याला विचारलं. "खात्यातलं दिसतंय म्हणून उडतंय," तो म्हणाला, आणि मोबाइलवरूनच पिग्मीचे शंभर पाठवून दिले. पिग्मीवाला तरीही समोर उभा होता. उभा नसता तर शंभर गेले नसते, हे दोघांनाही माहीत.

एक धोका मात्र सांगायलाच हवा. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला २०२०पासून विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. दुकानदारांपैकी निम्म्यांना हा फरक ठाऊक नव्हता. भाजीवालीला होता. ती दोन पिग्म्या भरते, एक बँकेची, एक पतसंस्थेची.

"एक बुडाली तर दुसरी हाय," ती म्हणाली.

"आणि दोन्ही बुडाल्या तर, मावशी?"

"मग भिशी हाय की!"