शिनचॅनची उन्हाळी सुट्टी

टीव्हीवरचा खोडकर शिनचॅन या व्हिडिओ गेममध्ये आईच्या माहेरच्या मुलखात, जपानच्या कुमामोतो भागातल्या आस्सो या काल्पनिक गावी सुट्टीला येतो. किडे पकडायचे, मासे धरायचे, भाजी पिकवायची. संध्याकाळी सगळं चित्रडायरीत उतरतं. हाताने रंगवल्यासारखी भातशेतं आणि रातकिड्यांची किरकिर हेच खरं वैभव. दिग्दर्शक काझ आयाबे २००० सालच्या ‘बोकु नो नात्सुयासुमी’ या गेमपासून अशाच सुट्ट्या रचत आले आहेत. इथे मध्येच डायनासोरही अवतरतात!

उणिवा आहेतच. तोच आठवडा पुन्हा सुरू होतो, निरोप पोहोचवण्याची धावपळ कंटाळवाणी होते, कॅमेरा हलवता येत नाही. संवाद जपानी आणि उपशीर्षकं इंग्रजी असल्याने इंग्रजी न वाचणाऱ्या मुलांसोबत मोठ्यांनी बसावं. हा गेम निन्टेंडो स्विचवर जपानमध्ये २०२१ साली, इतरत्र २०२२ साली आला.