दूरध्वनीवरील आरोग्यसंदेश : परिणाम मोजावा कसा?

सार्वजनिक आरोग्याच्या कामात भ्रमणध्वनी व संगणक यांचा उपयोग गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढला आहे. गरोदर मातेस दर आठवड्याला ध्वनिसंदेश पाठविणे, आशा कार्यकर्तीच्या नोंदी वहीऐवजी यंत्रावर घेणे, लसीकरणाच्या तारखेचे स्मरण देणे अशी अनेक कामे आता या साधनांनी होतात. या योजनांच्या अहवालांत किती मातांची नोंदणी झाली, किती दूरध्वनी लागले आणि संदेश किती मिनिटे ऐकला गेला, याचे आकडे हमखास आढळतात. परंतु त्यामुळे माता-बालकांच्या आरोग्यात फरक पडला काय, या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यांत नसते. ते निराळ्या पद्धतीने शोधावे लागते. केंद्र शासनाच्या ‘किलकारी’ योजनेची झालेली पाहणी हे या पद्धतीचे चांगले उदाहरण होय.

बिहारमध्ये प्रथम सुरू झालेली ही सेवा केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालयाने 2016 मध्ये राष्ट्रीय पातळीवर हाती घेतली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचे होईपर्यंत मातेच्या घरच्या दूरध्वनीवर दर आठवड्यास एक, याप्रमाणे 72 ध्वनिमुद्रित संदेश विनामूल्य येतात. प्रत्येक संदेश साधारण दीड मिनिटाचा असतो. दूरध्वनी क्रमांक शासनाच्या माता-बाल नोंदवहीतून घेतले जातात. साक्षरतेची अट नाही व साधा दूरध्वनीही पुरतो, ही या सेवेची जमेची बाजू.

आता संदेश पाठविल्यापासून आरोग्य सुधारेपर्यंतचा मार्ग पाहावा. क्रमांक बरोबर नोंदला गेला पाहिजे. दूरध्वनी लागला पाहिजे. पुष्कळ घरांत यंत्र पतीच्या खिशात असते व तो दिवसभर शेतावर वा कामावर असतो. तेव्हा संदेश मातेच्या कानी पडला पाहिजे. तिला तो समजला, पटला आणि घरातील वडीलधाऱ्यांनी आडकाठी केली नाही, तरच वागणुकीत बदल संभवतो. दूरध्वनी कंपनीच्या नोंदी यांपैकी पहिल्या दोन-तीन पायऱ्यांविषयीच काही सांगू शकतात. पुढच्या पायऱ्यांसाठी घरोघर जाऊन विचारावे लागते.

तेवढ्यानेही भागत नाही. एखाद्या तालुक्यात संदेश सुरू झाल्यावर लसीकरण वाढले, तरी ते संदेशांमुळेच वाढले असे म्हणता येत नाही. त्याच वर्षी तेथे नवी परिचारिका रुजू झाली असेल, रस्ता झाला असेल, अथवा सर्वत्रच लसीकरण वाढत असेल. संदेश ऐकणाऱ्या मातांची न ऐकणाऱ्यांशी तुलना करणे हा तर सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा मार्ग. मन लावून ऐकणारी माता बहुधा मुळातच अधिक शिकलेली, स्वतःचा दूरध्वनी बाळगणारी असते. तिचे बाळ संदेशाविनाही कदाचित वेळेवर लस घेते.

यावर उपाय म्हणजे तुलनेचा गट. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेने घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा उपक्रम 39 गावांत राबविला, तेव्हा 47 गावे तुलनेसाठी ठेवली होती. गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नसल्यामुळे दोन्हीकडील पूर्वस्थितीची मोजणी 1993 ते 1995 या काळात आधीच करण्यात आली. उपक्रम 1995 मध्ये सुरू झाला आणि 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. तुलनेची गावे नसती, तर ही घट उपक्रमाची की काळाची, हा वाद मिटला नसता.

‘किलकारी’च्या बाबतीत संशोधकांनी अधिक काटेकोर मार्ग धरला. मध्य प्रदेशातील रेवा, राजगढ, मंदसौर व होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) या चार जिल्ह्यांत 2018 मध्ये 5,095 गरोदर स्त्रियांची नोंद करण्यात आली. घरी दूरध्वनी उपलब्ध असलेल्या या स्त्रियांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने, दोन गट पाडण्यात आले. एका गटास संदेश गेले, दुसऱ्यास गेले नाहीत. नेहमीच्या आरोग्यसेवा दोघांनाही खुल्या होत्या. विभागणी नशिबावर सोपविल्याने शिक्षण, उत्पन्न, जात, सासरची माणसे या बाबतींत दोन्ही गट सरासरीने सारखे होतात. मग वर्ष-सव्वावर्षाने जो फरक दिसतो, त्याचे श्रेय संदेशांना देता येते. हिशेब करताना पहिल्या गटातील सर्व स्त्रिया धरण्यात आल्या. ज्यांनी एकही संदेश ऐकला नाही, त्यासुद्धा. हे प्रथमदर्शनी अन्यायाचे वाटेल. परंतु शासन खर्च करते तो सर्वांना संदेश पाठविण्यावर, तेव्हा फळही सर्वांच्या हिशेबानेच मोजले पाहिजे.

निष्कर्ष काय निघाले?

2022 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष संमिश्र आहेत. पहिले सहा महिने बाळास केवळ स्तनपान देण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. कुटुंबनियोजनाच्या आधुनिक, तात्पुरत्या साधनांचा वापर मात्र संदेश मिळालेल्या गटात 3.7 टक्क्यांनी अधिक होता. म्हणजे 27 स्त्रियांना वर्षभर संदेश पाठविले असता सुमारे एका जोडप्याच्या वागणुकीत बदल झाला. ही वाढ मुख्यतः निरोधच्या वापरामुळे होती आणि संदेश ऐकणाऱ्यांपैकी सर्वांत गरीब थरांत ती अधिक दिसली. ज्या थरांपर्यंत आरोग्यशिक्षण सहसा पोहोचत नाही, तेथेच परिणाम उठून दिसावा, हे विशेष लक्षणीय आहे. माता-बाल आरोग्याच्या इतर बहुतेक बाबींत ठळक फरक दिसला नाही.

असा परिणाम तुटपुंजा म्हणून नाकारणे घाईचे ठरेल. एका मातेमागे खर्च अल्प आणि माता लक्षावधी असल्या, तर शंभरात तीन-चार हा आकडाही लहान राहत नाही. उलट, स्तनपानाबाबतचा निष्कर्ष दडवून ठेवणेही तितकेच चुकीचे. बाळाच्या पहिल्या दिवसांतील निर्णय सासू, सुईण व परिचारिका यांच्या हाती असेल, तर मातेच्या कानाशी लावलेला दूरध्वनी तेथे अपुरा पडणार. आणखी एक अडचण अशी की, ‘केवळ अंगावरचे दूध देता काय?’ या प्रश्नाला, संदेशात ऐकलेले बरोबर उत्तर माता सहज देऊ शकते. तोंडी उत्तराची ही मर्यादा अशा सर्व पाहण्यांना असते.

मोजणी नेमकी कशाची झाली, हेही वाचताना पाहावे लागते. मुंबईच्या ‘अरमान’ संस्थेने अशाच संदेशसेवेतील सुमारे 23 हजार मातांवर प्रयोग केला. कोणत्या मातेशी कार्यकर्तीने प्रत्यक्ष बोलावे, हे संगणकाच्या भाकितावरून ठरविले. परिणामी ऐकण्यातील गळती इतर गटांच्या तुलनेत सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाली. प्रयोग उपयुक्त खरा. पण त्यात मोजले गेले ते ऐकणे. बाळाचे वजन वा लसीकरण त्यातून कळत नाही.

‘किलकारी’ महाराष्ट्रात 2024 मध्ये सुरू झाली. मध्य प्रदेशातील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू पडतील, असे धरून चालता येणार नाही. भाषा, दूरध्वनींचा प्रसार व आरोग्यसेवांची स्थिती निराळी आहे. योजना सर्वत्र एकाच वेळी न पोहोचता टप्प्याटप्प्याने पोहोचत असेल, तर आधी कोणते तालुके आणि मागाहून कोणते, हे चिठ्ठ्या टाकून ठरविल्यास कोणासही कायमचे वंचित न ठेवता तुलनेचा गट आपोआप मिळतो. मात्र पूर्वस्थितीची मोजणी संदेश सुरू होण्यापूर्वीच व्हावयास हवी. ती मागाहून करता येत नाही. गावपातळीवर यांपैकी एक काम लगेच होण्यासारखे आहे. नोंदवहीतील क्रमांक खरोखर त्या घरचा आहे काय, आणि तो दूरध्वनी दिवसा कोणाच्या हाती असतो, हे आशा कार्यकर्ती व गावची आरोग्य समिती यांना एका आठवड्यात तपासता येते.