नॅस कुठला घ्यायचा? आधी हिशोब, मग डबा

लग्नाचं शूटिंग करणारे, क्लासचे व्हिडिओ बनवणारे बरेच जण विचारतात, "नॅस कुठला घेऊ?" नॅस म्हणजे राउटरला जोडलेलं सगळ्यांचं मिळून एक स्टोरेज. घरातल्या कुठल्याही लॅपटॉप-मोबाइलवरून तिथे फाइल ठेवता येते, काढता येते. त्यावर जेलीफिन किंवा प्लेक्स टाकलं की झाला मीडिया सर्व्हर. ग्राहक घरी आला की त्याचा व्हिडिओ थेट टीव्हीवर दाखवा.

पण एक लक्षात ठेवा. ग्राहकाचं लग्न पुन्हा होत नाही. फुटेज गेलं तर पैसे परत देऊन भागत नाही, नाव जातं. म्हणून खरेदी या क्रमाने करा.

1. डेटा मोजा. कॅमेरा 100 एमबीपीएसवर रेकॉर्ड करत असेल तर तासाला 45 जीबी लागतात. दोन कॅमेरे, प्रत्येकी चार तास, म्हणजे एका लग्नाचे 360 जीबी. दहा लग्नांत 3.6 टीबी, म्हणजे 4 टीबीची डिस्क भरलीच म्हणून समजा.

2. नेटवर्क तपासा. राउटरचा पोर्ट 100 एमबीपीएसचा असेल तर हे 360 जीबी कॉपी व्हायला साधारण नऊ तास लागतील. गिगाबिट पोर्ट आणि कॅट 5ई केबल असेल तर तासाभरात काम होतं. नॅस कितीही महाग घ्या, राउटर जुना असेल तर तो रांगतच चालणार.

3. आता यंत्र निवडा.

- जुना पीसी: घरात पडून असेल तर सुरुवातीला उत्तम. ओपनमीडियाव्हॉल्ट फुकट आहे. पण वीज मोजा. 60 वॅटचा पीसी चोवीस तास चालला तर महिन्याला 43 युनिट होतात. 20 वॅटच्या यंत्राला 14 युनिट पुरतात. युनिट 10 रुपये धरलं तर वर्षाला साडेतीन हजारांचा फरक!
- इंटेल एन100चा मिनी पीसी: वीज कमी खातो. टीव्हीला फाइलचा फॉरमॅट कळत नसेल तर व्हिडिओ चालता-चालता बदलून देतो. जेलीफिनमध्ये ही सोय फुकट आहे, प्लेक्समध्ये हार्डवेअरच्या मदतीने करायचं तर पैसे भरावे लागतात.
- दोन डिस्कचा तयार नॅस (सिनॉलॉजी, क्यूनॅप): महाग, पण सेटिंग सोपं. तांत्रिक खटपट नको असेल तर हाच.

डिस्क घेताना सीएमआर प्रकारची मागा. सीगेट आयर्नवुल्फ, डब्ल्यूडी रेड प्लस या त्यातल्याच. एसएमआर डिस्क स्वस्त दिसते, पण सतत मोठं लिखाण सुरू झालं की दमते.

4. रेड म्हणजे बॅकअप नाही. रेड 1 मध्ये 4 टीबीच्या दोन डिस्क लावल्या तरी जागा 4 टीबीच मिळते, कारण दुसरी ही पहिलीची नक्कल असते. एक डिस्क बिघडली तर काम थांबत नाही, हा फायदा. पण चुकून फाइल डिलीट केली तर ती दोन्हीकडून जाते. व्हायरसने लॉक केली तर दोन्हीकडे लॉक. 2021 मध्ये क्यूलॉकर नावाच्या रॅन्समवेअरने क्यूनॅपच्या नॅसवरच्या फाइल्स अशाच लॉक केल्या होत्या. म्हणून गरज नसताना नॅस इंटरनेटवर उघडा ठेवू नका आणि अपडेट टाळू नका.

उपाय साधा आहे. एक वेगळी यूएसबी डिस्क घ्या. प्रत्येक कामानंतर त्यावर कॉपी करा, डिस्क काढून ठेवा, शक्यतो दुसऱ्या घरात. कॅमेऱ्याचं कार्ड मात्र दोन्ही कॉपी उघडून बघितल्याशिवाय फॉरमॅट करू नका. लाइट जाते तिथे छोटा यूपीएसही लागेलच.

बजेट कमी पडतंय? मग यंत्र स्वस्तातलं घ्या, जुना पीसी वापरा. दुसऱ्या कॉपीच्या डिस्कचे पैसे मात्र आधी बाजूला काढा. पुढच्या सीझनला तुमच्याकडे कोण येणार, हे त्या डिस्कवर ठरतं.