भाव कोण ठरवतो? शरद जोशींच्या विचारातून धंद्याचा धडा

व्हिडिओत शरद जोशींचा उल्लेख घाईत झाला, म्हणून इथे थोडं सविस्तर.

शेतकरी संघटनेचे नेते म्हणून ते माहीत असतात. पण त्याआधी ते स्वित्झर्लंडमध्ये, बर्नच्या जागतिक टपाल संघात इन्फॉर्मॅटिक्स विभागाचे प्रमुख होते. ती नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती केली, खर्चाचा हिशेब मांडला आणि १९८० मध्ये कांद्याच्या भावासाठी आंदोलन उभं केलं. १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला.

त्यांच्या मागण्या दोन:

१. बाजाराचं स्वातंत्र्य. माल कुठे, कितीला विकायचा हे उत्पादकाने ठरवावं. सरकारने निर्यातबंदी घालून भाव पाडू नयेत.

२. तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य. कोणतं बियाणं वापरायचं हे शेतकऱ्याने ठरवावं. बीटी कापसाची बाजू त्यांनी याच मुद्द्यावर घेतली.

आता आपल्या रत्नागिरीचं बघा. हापूस वाशीला पाठवला की पट्टी येईपर्यंत भाव कळत नाही. २०१६ पासून राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीबाहेर विकायची मोकळीक आहे. पण मग पॅकिंग, गिऱ्हाईक, वसुली सगळं आपल्या अंगावर! लहान बागायतदाराला एकट्याने ते झेपेलच असं नाही. तिथे चार जण एकत्र या.

आणि दलाल सोडून एकाच ॲपवर अवलंबून राहिलात, तर फक्त मालक बदलला. म्हणून ॲप घेण्याआधी विचारा: ग्राहकांची यादी आणि हिशेब बाहेर काढून घेता येतो का?

आज एवढंच करा: एका पेटीचा पूर्ण खर्च, स्वतःच्या मजुरीसकट, वहीत लिहा. तो आकडा हातात नसेल तर भाव समोरचाच ठरवणार.