बगीच्याचा आराखडा कोणी ठरवावा?

1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार विकास योजनेत एखादी जागा बगीच्यासाठी राखून ठेवताना नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. पुढे त्याच बगीच्याचे नूतनीकरण निघाले, म्हणजे कारंजे व फरसबंदी हवी की सावली व मोकळे मैदान, हा प्रश्न मात्र बहुधा अंदाजपत्रक आणि निविदा यांतच मिटतो.

1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने उद्याने व क्रीडांगणे बाराव्या अनुसूचीत घातली खरी. पण प्रभाग समित्यांची सक्ती केली ती 3 लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांनाच. 2011 च्या जनगणनेत भंडारा शहराची लोकसंख्या 91,845 होती. तुमसर व पवनी तर त्याहून लहान. परिणामी भंडारा जिल्ह्यातील खेडुताला ग्रामसभेत उभे राहून विचारता येते, नगरवासीयासाठी मात्र प्रभाग समितीही सक्तीची नाही. ही विसंगती चमत्कारिकच म्हणावी लागेल.

पुणे महापालिकेने 2006 पासून अंदाजपत्रकापूर्वी नागरिकांकडून कामे सुचवून घेण्याची प्रथा पाडली. भंडाऱ्यासारख्या नगरपरिषदेनेही तसा ठराव करावयास काय हरकत आहे? कारंज्याचा भांडवली खर्च एकदाच होतो. वीज, पाणी व माळी यांचा दरवर्षी, आणि तो करदात्यांच्या माथी. वैशाखात विदर्भातील माणसाला सावलीचे मोल अधिक, हे सांगावयास तज्ज्ञ लागत नाही. तेव्हा निविदेपूर्वीच आराखडा, खर्च आणि वार्षिक देखभालीचा आकडा मराठीत बगीच्याच्या फाटकावर लावावा; आणि सकाळी वृद्धांना, दुपारी विसाव्यास टेकणाऱ्या मजूर स्त्रियांना, सायंकाळी मुलांना तेथेच जाऊन विचारावे.