करिलाची भाजी

आषाढाच्या सरी स्थिरावल्या की रायपूरच्या भाजीबाजारात निमुळत्या, खवल्यांसारख्या आवरणांत गुंडाळलेल्या कोंबांचे ढीग दिसू लागतात. हे बांबूचे कोंब, छत्तीसगढीत ‘करील’. बांबूच्या कोंबास संस्कृतात ‘वंशकरीर’ म्हणतात, त्याच्याशी या नावाचे नाते उघड आहे. राजस्थानातील काटेरी करीर मात्र निराळे. पूर्व विदर्भात यांनाच ‘वास्ते’ म्हणतात.

युरोपात वसंतऋतूमध्ये आपल्या शतावरीची भावंड असलेल्या अ‍ॅस्परॅगसच्या कोंबांना जो मान मिळतो, तोच येथे पावसाळ्यात करिलास लाभतो. दोहोंचे मर्म एकच: जमिनीखाली साठलेल्या अन्नावर वर आलेला कोंब धागेदार होण्यापूर्वीच खुडावयाचा. भेद एवढाच की, अ‍ॅस्परॅगस काही मिनिटांत शिजवून खाता येतो. करिलाशी अशी घाई घातक ठरते.

कच्च्या करिलात टॅक्सिफिलीन नावाचे द्रव्य असते. कोंब चिरताच त्यातून हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे जहाल विष, सुटू लागते. शेंड्याकडे त्याचे प्रमाण अधिक असते. सुदैवाने ते पाण्यात उतरते आणि उष्णतेने उडून जाते. यास्तव आवरणे सोलून, कोंब पातळ चिरून पाण्यात भिजवावा. नंतर भरपूर पाण्यात, झाकण न ठेवता, अर्धा तास उकळावा. ते पाणी फेकून नव्या पाण्यात पुन्हा उकळावा. कडवटपणा उरला असेल तर आणखी एकदा. हे पाणी कालवणात कदापि वापरू नये.

पुढील कृती सोपी आहे. तेलात मोहरी, लसूण व सुक्या मिरच्यांची फोडणी करून त्यात करील परतावा. भिजवून अर्धवट शिजवलेली हरभऱ्याची डाळ, हळद व मीठ घालावे. डाळ मऊ झाली की ताकात कालवलेले थोडे तांदळाचे पीठ ओतून मंद आचेवर ढवळत राहावे. दाटसर, आंबूस अशी ही भाजी गरम भाताबरोबर पोटभरीची होते.

तथापि, प्रत्येक करील हा उद्याचा बांबू असतो. एकाच हंगामात तो पूर्ण उंची गाठतो. त्यानंतर केवळ पक्का होत जातो. छत्तीसगढातील कंडरा कारागिरांच्या सुपा-टोपल्या त्याच बांबूच्या. 2006 च्या वनाधिकार कायद्याने बांबूस गौण वनोपजात स्थान दिले. त्यामुळे त्याच्या राखणीचा प्रश्न वनवासी कुटुंबांच्या उपजीविकेशी निगडित आहे. सुजाण तोडणारा बेटातील आरंभीचे जोमदार कोंब राखतो आणि हंगामाच्या अखेरीस आलेले, बहुधा न तगणारे, दुबळे कोंब तेवढे घेतो. स्वयंपाकघरात जसे पाणी बदलण्याचे भान हवे, तसेच रानात कोंब राखण्याचे. ही दोन्ही भाने राखली तर पुढील आषाढातही बाजारात करील दिसेल.